वाजंत्र्याचा श्वास आणि आपली समीक्षा

दलित साहित्याने मराठी शब्द मोकळा केला, ही गोष्ट आता कोणी नाकारत नाही. ज्यांच्या जिभेवर गावाने शतकानुशतके कुलूप घातले होते ते बोलू लागले, लिहू लागले आणि मराठी वाङ्मयाचा नकाशा बदलला. मात्र शब्दाच्या या लढाईत आपलाच एक माणूस आपल्या समीक्षेच्या नजरेतून निसटला. तो बोलत नव्हता, लिहीत नव्हता. तो फुंकत होता, बडवत होता. गावगाड्याने त्याला वाजंत्री म्हटले, शहराने बँडवाला म्हटले. दोन्ही नावांतली तुच्छता सारखीच. 'त्याचा बँड वाजला' असे आपण एखाद्याच्या फजितीबद्दल सहज म्हणून जातो, तेव्हा ज्याच्या छातीतल्या वाऱ्यावर तो बँड वाजतो त्याचा विचार आपल्या मनात नसतो.

या लेखात त्या माणसाचा विचार सॅक्सोफोन या वाद्याच्या आधाराने करावयाचा आहे. सॅक्सोफोनच का, असा प्रश्न कोणी विचारील. हलगी, डफ, सनई, संबळ ही वाद्ये गावगाड्याच्या आत वाढली. ती कोणी वाजवायची हे वाजवणाऱ्याच्या जन्माआधी ठरलेले असे. सॅक्सोफोनचे तसे नाही. तो सातासमुद्रापलीकडून आला. बलुत्याच्या यादीत तो नव्हता, कोणत्या स्मृतीत वा पुराणात त्याचा उल्लेख नव्हता, त्याला शिवल्याने कोणी बाटत नव्हते. म्हणून तो आपल्यासाठी कसोटीचे वाद्य ठरतो. जातीबाहेरचे वाद्य हाती आले तर ते वाजवणारा माणूस जातीबाहेर पडतो काय, हा माझा पहिला प्रश्न आहे. दुसरा प्रश्न आपल्या चळवळीला आणि समीक्षेला आहे : ज्या कलेला शब्द नाहीत तिच्यातील माणूसपण ओळखण्याची काही मापे आपण तयार केली आहेत काय?

१

सॅक्सोफोन हे वाद्य अडोल्फ सॅक्स (१८१४–१८९४) या बेल्जियन कारागिराने घडविले आणि १८४६ मध्ये पॅरिस येथे त्याचे पेटंट घेतले. फ्रेंच लष्कराच्या बँडमध्ये एका बाजूला पितळी वाद्यांचा दणदणाट आणि दुसऱ्या बाजूला लाकडी वाद्यांचा नाजूक आवाज अशी फूट होती. ती सांधणारे वाद्य त्याला हवे होते. म्हणून त्याने अंग पितळेचे ठेवले आणि तोंड क्लॅरिनेटसारखे केले. फुंकण्याच्या जागी बोरूच्या जातीतील वनस्पतीची एक पातळ पत्ती असते. ती ओठाखाली थरथरते आणि तिचा थरथराट निमुळत्यापासून रुंद होत जाणाऱ्या नळीतून मोठा होऊन बाहेर पडतो. वाद्यशास्त्राच्या वर्गवारीत पितळेचे असूनही ते लाकडी वाद्यांत मोजले जाते. थोडक्यात, हे वाद्य जन्मतःच मिश्र आहे. वर्णसंकराचा धसका घेतलेल्या आपल्या समाजात असे वाद्य यावे, यात एक अर्थ आहे.

मिश्र गोष्टींची भीती केवळ आपल्याकडेच असते असे नाही. १९३८ मध्ये नाझींनी ड्युसेलडॉर्फ येथे 'अधःपतित संगीत' म्हणून एक प्रदर्शन भरविले. त्याच्या जाहिरातीवर एक काळा माणूस सॅक्सोफोन वाजवताना दाखविला होता आणि त्याच्या छातीवर ज्यूंचा तारा लावला होता. वंशशुद्धीच्या पुजाऱ्यांना ज्यांचा द्वेष करायचा होता ते सारे त्यांनी एका चित्रात गोळा केले, आणि त्या चित्रात वाद्य म्हणून सॅक्सोफोन आला. माणसाच्या आवाजाच्या फार जवळ जाणारे हे वाद्य आहे. ओठाच्या दाबाने त्यावर सूर घसरवता येतो, हुंदका काढता येतो, किंचाळता येते. शुद्धतेच्या पुरस्कर्त्यांना असा आवाज मानवत नाही.

२

आपल्या देशात हे वाद्य लष्करी बँड, संस्थानिकांचे बँड आणि मोठ्या शहरांतील हॉटेले या वाटांनी आले. मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात १९३५ च्या अखेरीस लिऑन अॅबी या काळ्या अमेरिकन वादकाचा ताफा येऊन दाखल झाला. पुढे टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादकही तेथे आपला ताफा घेऊन वाजवू लागला. मायदेशात ज्यांना गोऱ्यांच्या हॉटेलात पुढच्या दाराने शिरता येत नव्हते ते कलावंत येथे गोऱ्या साहेबांना आणि राजेरजवाड्यांना नाचवीत होते. त्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, येवल्याच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली होती. ताजपासून परळच्या चाळी काही मैलांवर होत्या. अमेरिकेचा अस्पृश्य आणि भारताचा अस्पृश्य एकाच शहरात, एकाच काळात वावरत होते आणि त्यांची गाठ पडण्याची सोय शहराने ठेवलेली नव्हती. मधे हॉटेलचा दरवाजा होता.

त्या काळ्या वादकांचे संगीत उचलले ते गोव्याच्या ख्रिस्ती वादकांनी. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी शिकविली जाई. त्या शिदोरीवर हे तरुण मुंबई-कलकत्त्याच्या हॉटेलांत आणि पुढे सिनेमाच्या स्टुडिओत शिरले. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, सेबॅस्टियन डिसोझा, अँथनी गोन्साल्विस ही नावे आज थोड्यांना ठाऊक आहेत. सी. रामचंद्र यांनी 'अलबेला' (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेटचा बँड पडद्यावर आणला आणि त्या तालावर नाचला तो गिरणीकामगाराचा मुलगा भगवान. आज गावोगावच्या वरातीत जे नाचणे चालते त्याचे एक मूळ तेथे आहे. गोव्याच्याच ब्राझ गोन्साल्विस या सॅक्सोफोनवादकाने जॅझमध्ये रागांचा वापर करून पाहिला.

हिंदी सिनेमातला सॅक्सोफोन म्हणजे मात्र मुख्यतः मनोहारी सिंग (१९३१–२०१०). नेपाळी कुटुंबातला, कलकत्त्यात वाढलेला हा वादक. 'काश्मीर की कली' (१९६४), 'गाईड' (१९६५), 'आराधना' (१९६९) या चित्रपटांच्या गाण्यांत त्याचा सॅक्सोफोन आहे. ही गाणी गुणगुणताना लोक गायकाच्या ओळींमधल्या जागाही गुणगुणतात. त्या जागा वादकाच्या असतात. तरीही गाण्याच्या तबकडीवर गायकाचे नाव असे, संगीतकाराचे असे, गीतकाराचे असे. ज्याच्या फुंकीने गाणे ओळखू येई त्याचे नाव नसे. अँथनी गोन्साल्विस हे नाव देशाला कळले ते १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील एका विनोदी गाण्यामुळे. शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला वाहिलेली ती आदरांजली होती, पण ऐकणाऱ्या कोट्यवधी लोकांना ते एका काल्पनिक पात्राचे नाव वाटले.

म्हणजे स्टुडिओच्या आतही वादक हा बिनचेहऱ्याचा मजूर होता. पण त्याला रोजच्या कामाचे ठरलेले पैसे मिळत, त्याला बसायला खुर्ची होती, त्याच्यापुढे स्वरलिपीचा कागद होता. त्याच गाण्याचा सॅक्सोफोन जेव्हा रस्त्यावर येतो तेव्हा ही खुर्चीही जाते.

३

माझे गाव बपेरा. तुमसर तालुक्यातले, मध्यप्रदेशाच्या सीमेवरचे. पलीकडे बालाघाट जिल्हा. गावात मराठी, पोवारी आणि हिंदी अशा तिन्ही बोली चालतात. लग्नातला बँडही कधी तुमसरकडचा, कधी बालाघाटकडचा. भाग धानाचा. आषाढ-श्रावणात रोवणा, दिवाळीच्या सुमारास कापणी आणि उन्हाळ्यात लग्ने. बँडमधील वादक वर्षातले दोन-तीन महिने वादक असतो, उरलेला काळ तो दुसऱ्याच्या बांधीत चिखलात उभा राहणारा मजूर असतो. त्याच्या कलेचे आयुष्य असे हंगामी आहे. हातावर चिखलाचे घट्टे पडलेली बोटे सॅक्सोफोनच्या चाव्यांवर किती चपळ चालतात हे जवळून पाहिल्याशिवाय कळत नाही.

मे महिन्यात आमच्या भागात पारा पंचेचाळीस अंशांच्या पुढे जातो. अशा उन्हात पितळेचे वाद्य हाताला चटके देते, पत्ती वाळते, ती सारखी जिभेने ओली करावी लागते. वरात गावाच्या वेशीपासून मांडवापर्यंत यायला दोन-दोन तास लावते, कारण नवरदेवाच्या मित्रांना प्रत्येक वळणावर नाचायचे असते. त्या दोन तासांत वादकाने थांबायचे नाही. कोणी नोट ओवाळून हवेत धरतो. ती वादकाने वाजवता वाजवता तोंडाने किंवा एका हाताने घ्यायची. काही जण ती मुद्दाम खाली टाकतात. खाली वाकून उचलणाऱ्या त्या माणसाच्या अंगावर लाल कोट असतो, खांद्यावर सोनेरी झुपके असतात, डोक्यावर टोपी असते. लष्करी अधिकाऱ्याचा पोशाख घालून, नवरदेवाच्याही पुढे चालणारा हा माणूस मांडवाच्या दाराशी येतो आणि तेथे थांबतो. आत जायचे ते वऱ्हाडाने. बँडवाल्यांची पंगत शेवटी, बाजूला, पुष्कळदा मांडवाबाहेर.

माझ्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर या दाराशी मिळते. वाद्याला जात नव्हती. वाजवणाऱ्याला होती, आणि गावाने वाद्यालाच वाजवणाऱ्याच्या जातीत घालून टाकले. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ मध्ये मध्यप्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात मांग, गांडा अशा जातींची ओळखच मुळी गावचे वाजंत्री अशी दिलेली आहे. शंभर वर्षांत हातातली सनई गेली, क्लॅरिनेट आला, सॅक्सोफोन आला. वाजवणारे मात्र बहुतेक दलित राहिले, आणि त्यांच्या सोबतीला गरीब मुसलमान. जातिव्यवस्था श्रमाची नव्हे तर श्रमिकांचीच वाटणी करते, हे बाबासाहेबांनी १९३६ मध्ये दाखवून दिले होते. नवे यंत्र आले, नवे वाद्य आले म्हणून ती वाटणी आपोआप मोडत नाही, याचा पुरावा सॅक्सोफोन आहे. आधुनिकतेवर आंधळा विश्वास ठेवणाऱ्या आपल्यातील मित्रांनी हा पुरावा लक्षात घ्यावा.

या वादकाच्या कलेविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत, कारण दयेच्या सुरात लिहिणे हा त्याचा दुसरा अपमान होईल. बँडला गायक नव्हता तेव्हा गाणे सॅक्सोफोनच गात असे. ऐकणाऱ्यांना शब्द पाठ असत. वादक केवळ सुरावट देई आणि ऐकणारा मनात शब्द भरी. त्यासाठी गायकाने शब्द कोठे ओढला, कोठे तोडला, कोठे श्वास घेतला याचा बारीक अभ्यास लागतो. गाण्यातला गायकाचा सूर, मधला व्हायोलिनचा तुकडा, मागचा भरणा, हे सारे एका नळीतून, एका श्वासात, चालता चालता काढायचे असते. स्वरलिपी नाही, गुरुकुल नाही, तालमीला जागा नाही. हे काम करणाऱ्याला आपल्या संगीतसमीक्षेने कलावंत म्हटले नाही. मराठी संगीतसमीक्षा घराण्यांच्या चर्चेत समृद्ध आहे. वामनराव देशपांडे यांच्या 'घरंदाज गायकी'सारखे ग्रंथ तिने दिले. पण घराणे म्हणजे परंपरेने चालत आलेली शिस्त असेल, तर बापाकडून मुलाकडे, काकाकडून पुतण्याकडे रस्त्यावर चालत आलेल्या या विद्येला कोणते नाव द्यायचे? गेल्या पिढीपर्यंतच्या बँडवाल्यांवर सर्वांत कसून लिहिलेला ग्रंथ म्हणजे ग्रेगरी बूथ यांचा 'ब्रास बाजा' (२००५). तो इंग्रजीत आहे आणि लेखक न्यूझीलंडमधील विद्यापीठात शिकवणारा आहे. आमच्या वेशीवर दोन तास वाजणाऱ्या माणसाची दखल घ्यायला इतक्या दुरून माणूस यावा लागला.

४

आता आपल्याकडे वळू. प्रस्थापितांच्या समीक्षेने वाजंत्र्याकडे दुर्लक्ष केले यात नवल नाही. आपण का केले?

याचे एक कारण सन्मानाचे आहे, आणि ते नीट समजून घेतले पाहिजे. १९२७ च्या महाडच्या परिषदेपासून जो नकार सुरू झाला तो गावकीच्या सक्तीच्या कामांना होता. मेलेले ढोर ओढणे, मृतमांस खाणे, येसकरकी, आणि पुष्कळ ठिकाणी सणासुदीला, पालखीपुढे, पाटलाच्या लग्नात वाजवणे ही कामे आपल्या लोकांनी सोडली. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. हे वाजवणे कला म्हणून कोणी मागत नव्हते. ते चाकरी म्हणून मागितले जाई. दुसऱ्याच्या देवापुढे वाजवायचे आणि त्याच देवळाच्या पायरीवर पाय ठेवायचा नाही, असा तो करार होता. तो मोडणे हे मुक्तीचे पहिले पाऊल होते. त्याबद्दल आज कोणी कलेच्या नावाने हळहळ व्यक्त करीत असेल, 'लोककला बुडाली' म्हणून उसासे टाकीत असेल, तर त्याने आधी त्या पायरीवर उभे राहून पाहावे.

परंतु चाकरी नाकारणे आणि कला नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चळवळीने हा भेद एका ठिकाणी फार चांगला ओळखला. तमाशाचा बाज, ढोलकी, तुणतुणे, हार्मोनियम हे सारे तिने जलशात आणले आणि त्यातून नवा विचार सांगितला. भीमराव कर्डक, पुढे वामनदादा कर्डक, विठ्ठल उमप यांनी वाद्याला गावकीतून सोडवून माणसांच्या सभेत आणले. अण्णा भाऊ साठे यांच्या शाहिरीने हेच कामगारवस्तीत केले. स्वतः बाबासाहेब उतारवयात व्हायोलिन शिकत होते, याची आठवण येथे करून देणे अस्थानी होणार नाही. आनंद म्हणून, स्वतःसाठी वाद्य हाती घेण्याचा अधिकार हाही माणूसपणाचा भाग आहे.

मात्र जलशात वाद्य शब्दाच्या मागे उभे राहिले. तेथे शब्द मालक होता. हे त्या काळाच्या गरजेचे होते. निरक्षर समाजाला विचार पोहोचवायचा तर शब्दच हवा. शिवाय आपल्या पिढ्यांची सुटका शब्दानेच केली. माझ्या घरातला मी पहिला पदवीधर आणि माझ्यासारख्या हजारोंना पुस्तकाने गावकीतून बाहेर काढले. ज्या गोष्टीने आपल्याला बाहेर काढले तिलाच आपण कलेचे एकमेव माप मानले, हे समजण्यासारखे आहे. 'बलुतं' (१९७८), 'आठवणींचे पक्षी' (१९७९), 'उपरा' (१९८०) यांनी शब्दाचे सामर्थ्य सिद्ध केले. पुढे शरद पाटील यांचे 'अब्राह्मणी साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९८८) आणि शरणकुमार लिंबाळे यांचे 'दलित साहित्याचे सौंदर्यशास्त्र' (१९९६) आले. या ग्रंथांनी प्रस्थापित रसविचाराला धक्के दिले. पण नावांतच आहे त्याप्रमाणे हे साहित्याचे सौंदर्यशास्त्र आहे. ज्या आवाजाला शब्द नाहीत त्याच्या सौंदर्याचा विचार मोकळाच राहिला.

दुसरे कारण मात्र सन्मानाचे नाही. ज्यांनी वाजवणे सोडले आणि ज्यांना ते सोडता आले नाही, त्यांच्यात एक अंतर पडले. ते जातीचे अंतर आहे, हे स्पष्ट बोलले पाहिजे. बौद्ध आणि मातंग यांच्या वस्त्या शेजारी असल्या तरी त्यांच्यात जे मोकळेपण हवे होते ते सगळीकडे आलेले नाही. १४ एप्रिलच्या मिरवणुकीपुढे आपण बँड लावतो. भीमगीते वाजतात, तरुण नाचतात, म्हातारे डोळे पुसतात. ती गीते फुंकणारा कोण आहे, त्याचे नाव काय, तो मिरवणूक संपल्यावर आपल्याबरोबर जेवतो की पैसे मोजून घेऊन टेम्पोत बसतो, याची विचारपूस किती जयंती मंडळे करतात? वाजंत्री होण्याचे आपण नाकारले. वाजंत्र्याला वाजंत्रीच ठेवण्याचे नाकारले काय? १ ऑगस्ट २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा मार्ग मोकळा केला, आणि तेव्हापासून आपापसातले वाद चढ्या आवाजात चालू आहेत. आरक्षणाचा हिशेब कोर्टात आणि विधिमंडळात होईल. पंगतीचा हिशेब मात्र आपल्यालाच करावा लागेल.

५

वाद्याला प्रतिष्ठा मिळण्याची एक वाट दक्षिणेत दिसते. कद्री गोपालनाथ (१९४९–२०१९) हे मंगळूर भागातले. वडील नागस्वरम् वाजवीत. म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमधील सॅक्सोफोन ऐकून मुलाने तो हाती घेतला, कर्नाटक संगीताच्या गमका त्यावर बसविण्यासाठी वर्षे घालवली, वाद्यात फेरफार केले. १९९४ मध्ये लंडनच्या प्रॉम्स महोत्सवात ते वाजले, २००४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आज त्या किनारपट्टीवर देवळांतून आणि लग्नांतून नागस्वरमच्या जागी सॅक्सोफोन ऐकू येतो. ही साधना थोर आहे. पण या वाटेचा नियम लक्षात घ्यावा. वाद्याला मान मिळाला तो त्याने अभिजनांचे संगीत, अभिजनांच्या सभेत, अभिजनांच्या मापाने वाजवून दाखविले म्हणून. परीक्षा त्यांची आणि प्रश्नपत्रिकाही त्यांचीच.

दुसरी वाट अमेरिकेतील काळ्यांची आहे. १९७२ मध्ये दलित पँथर स्थापन झाली तेव्हा नावच ब्लॅक पँथरवरून घेतले होते. त्या दशकात आपल्या नियतकालिकांनी निग्रो साहित्याची ओळख करून दिली; जनार्दन वाघमारे यांनी त्यावर मराठीत ग्रंथ लिहिला. ह्यूज, राइट, बाल्डविन ही नावे आपल्या चर्चासत्रांत घरची झाली. पण त्या समाजाने जगाला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट, त्याचे संगीत, आपल्या चर्चेत मागेच राहिले. आपण त्यांची पुस्तके उघडली, तबकड्या मात्र तशाच ठेवल्या.

हे अधिकच खटकते, कारण त्यांचे विचारवंत संगीताला वगळून आपला इतिहास सांगतच नाहीत. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये ज्यांना पत्र लिहिले त्या डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांनी १९०३ मधील आपल्या ग्रंथात प्रत्येक प्रकरणाच्या माथ्यावर एका कवितेबरोबर गुलामांच्या शोकगीतांच्या सुरावटीची एक ओळ छापली, शब्दांवाचून, केवळ स्वरचिन्हांत. आणि शेवटचे प्रकरण त्या गीतांवरच लिहिले. १९६३ मध्ये लेरॉय जोन्स यांनी 'ब्लूज पीपल' लिहून संगीताच्या बदलांतून काळ्या समाजाचा सामाजिक इतिहास मांडला. आपल्या समीक्षेला हवा असलेला नमुना तेथे साठ वर्षांपासून पडून आहे.

त्याच १९६३ च्या १५ सप्टेंबरला अलाबामा राज्यातील बर्मिंगहॅम शहरात वर्णद्वेष्ट्यांनी काळ्यांच्या चर्चमध्ये बाँब उडविला आणि चार मुली ठार झाल्या. दोन महिन्यांनी जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकाने 'अलाबामा' नावाची एक रचना ध्वनिमुद्रित केली. सुमारे पाच मिनिटांची. तिला शब्द नाहीत. सुरुवातीला सॅक्सोफोन कोणीतरी प्रेतापाशी उभे राहून सावकाश बोलावे तसा बोलतो. मध्येच ताल येतो, थबकतो, मोडतो. शेवटी राग आणि शोक एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत. मी ती रचना माझ्या विद्यार्थ्यांना ऐकविली. इंग्रजी न येणाऱ्या, जॅझ हा शब्द प्रथमच ऐकणाऱ्या मुलांना घटना सांगण्याआधी विचारले, हे काय आहे? मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, 'कोणी मेलं आहे सर, आणि ते न्याय मागताहेत.'

ही मुले भंडारा जिल्ह्यातली आहेत. त्यांच्या जिल्ह्यात, मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी भोतमांगे कुटुंबातील चौघांना गावाने ठार केले. त्यानंतर मोर्चे निघाले, कविता लिहिल्या गेल्या, नाटके झाली. खटला चालला. २००८ मध्ये सत्र न्यायालयाने सहा जणांना फाशी आणि दोघांना जन्मठेप सुनावली. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने फाशीऐवजी पंचवीस वर्षांची जन्मठेप दिली. दोन्ही निकालांत अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. जे साऱ्या जिल्ह्याला ठाऊक होते ते निकालाच्या शब्दांत बसले नाही. शब्दावर इतका भरवसा ठेवणाऱ्या आपल्या समाजाला येथे शब्दानेच दगा दिला. आपल्या आनंदात वाजणारा सॅक्सोफोन आपल्या शोकात आणि संतापात गप्प का असतो, हा प्रश्न मला तेव्हापासून अधिक तीव्रतेने जाणवतो. कायद्याच्या भाषेला जे मांडता येत नाही ते सुराला मांडता येते. फक्त तो सूर काढणाऱ्याला कोणी तसे मागितले पाहिजे, आणि ऐकणाऱ्याने ऐकायला उभे राहिले पाहिजे.

६

काही आक्षेप येतील. बँडवाला पैशासाठी सिनेमाची गाणी वाजवतो, त्याच्यात कसली आली जाणीव, असे कोणी म्हणेल. कोल्ट्रेनही तारुण्यात दारूच्या अड्ड्यांवर पोटासाठी वाजवीत असे. जाणीव वाद्यातून येत नाही. वादक आणि त्याचा समाज यांच्या नात्यातून येते. आपण त्याला करमणुकीचेच काम दिले, तर तो करमणूकच करील.

दुसरा आक्षेप असा की हा सारा विचार उशिरा सुचला. आता बँड राहिला कोठे? हे अर्धे खरे आहे. आमच्याकडे धुमाल पार्टी आली, मग डीजे आला. गाडीवर भिंतीएवढे भोंगे लागले आणि दहा-बारा माणसांचा श्वास एका बटणाने बदलला. ज्यांना रस्त्यावर अपमान सोसावा लागत होता त्यांचा अपमान संपला नाही, रोजगार मात्र संपत चालला. काहींनी वाद्य विकले, काहींच्या घरी ते खुंटीला आहे. पत्ती सुकून तडकली की नवी आणायला कोणी जात नाही. म्हणूनच हा प्रश्न आजचा आहे. जे वाजवणारे आहेत ते पन्नाशी-साठी ओलांडलेले आहेत, आणि त्यांच्याबरोबर एक अलिखित विद्या जाणार आहे.

आपल्या हातात काय आहे ते सांगतो. प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी आपापल्या तालुक्यातील वादकांची चरित्रे लिहून घ्यावीत : कोणाकडे शिकला, वाद्य कोठून आणले, किती सुपारी घेतली, कोणत्या दारात थांबविले गेले. त्यांचे वादन ध्वनिमुद्रित करावे. जयंती मंडळांनी पत्रकावर वक्त्यांच्या नावांबरोबर वादकांची नावे छापावीत, त्यांना मंचावर बसवून एक तास केवळ वाजवू द्यावे आणि त्या तासात कोणी नाचू नये, ऐकावे. मिरवणुकीनंतरची पंगत एकच असावी. आणि आपल्या नियतकालिकांनी कविता-कथांच्या परीक्षणाशेजारी एखाद्या वादनाचे परीक्षण छापावे. त्यासाठी नवी परिभाषा लागेल ती घडवावी.

यातले पहिले काम आम्ही या उन्हाळ्यात तुमसर तालुक्यातून सुरू करीत आहोत. बपेऱ्यापासून सुरुवात आहे. इतर तालुक्यांतील मित्रांनी आपापल्या भागात ते हाती घ्यावे.